रक्तवाहिन्या वाढवणारी हायड्रोजेल: या चुका टाळा

व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन मोकळे टोचले, तर रक्तात ते काही मिनिटांतच निम्मे होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या विवा चाचणीत ते १७८ हृदयरुग्णांना असेच देण्यात आले, पण व्यायामक्षमतेच्या मोजणीत साठ दिवसांनी ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. ते हळूहळू सोडणारे बायोमटेरियल, म्हणजे हायड्रोजेलसारखा (पाणी धरून ठेवणारे मऊ जेल) शरीरात ठेवता येणारा पदार्थ, लागते ते यासाठीच. मराठवाड्यातल्या महाविद्यालयात संशोधक विद्यार्थ्यांसोबत काम करताना मात्र असे दिसते की, फसलेल्या प्रयोगाचा दोष जेलवर टाकला जातो आणि चूक बहुधा बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) किंवा नळीत असते.

‘तिसऱ्या दिवशी अल्जिनेटचे जेलच विरघळले’ ही नेहमीची तक्रार आहे. अल्जिनेटला, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या जेलच्या पदार्थाला, कॅल्शियमने बांधलेले असते. फॉस्फेट बफरमधले फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेते, सोडियम त्याची जागा घेते आणि जेल सुटते. त्याऐवजी हेपीस किंवा ट्रिस बफर घेऊन त्यात सुमारे १.८ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालावे. उलट, जेल बांधण्यापूर्वीच द्रावणात गुठळ्या झाल्या, तर आधी पाणी तपासावे. आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षाराचे असते आणि ऊर्ध्वपातनाच्या उपकरणाची देखभाल रखडली की त्यातले कॅल्शियम पुढे झिरपते.

पहिल्याच दिवशी बहुतेक प्रथिन बाहेर पडत असेल, तर विद्युतभार पाहावा. व्हीईजीएफ-१६५ हा या प्रथिनाचा प्रकार शरीराच्या पीएचला धनभारित असतो, त्यामुळे समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण विद्युतभार शून्य होतो तो) ५ च्या आसपास असलेले आम्लधर्मी जिलेटिन किंवा ऋणभारित हेपरिन त्याला धरून ठेवते. ९ च्या आसपासचे जिलेटिन धरत नाही. बाटलीवर नुसते ‘जिलेटिन’ लिहिले आहे म्हणून ते वापरणे महागात पडते. पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) कणांत अडचण वेगळी असते: तो विघटित होताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल साठते व आतले प्रथिन बिघडते.

सर्वांत जास्त काळजी मोजणीत घ्यावी. एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने मोजलेले, बाहेर पडलेल्या प्रथिनाचे आकडे मध्येच वाढायचे थांबले की ‘उरलेले प्रथिन जेलमध्ये अडकले’ असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात नॅनोग्रॅमच्या मात्रेतले प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटलेले असू शकते. बफरमध्ये ०.१ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालावे, आणि जेल नसलेल्या एका नळीत ठाऊक असलेली मात्रा ३७ अंशांना तितकेच दिवस ठेवून तीही मोजावी. त्या नळीतली घट वजा केल्याशिवाय आलेखावर विश्वास ठेवू नये. शिवाय एलायझा प्रथिनाची उपस्थिती सांगते, त्याचे काम नव्हे. त्यासाठी रक्तवाहिनीच्या अंतःस्तराच्या पेशींवर चाचणी करावी, आणि त्या पेशी वाढवण्याच्या तयार माध्यमात मुळातच व्हीईजीएफ असते, हे विसरू नये.

मे महिन्यात दुपारभर फाटकापाशी पडून राहिलेला, प्रथिनाचा थर्माकोलचा खोका मीही स्वीकारला आहे आणि पुढचे दोन महिने वाया घालवले आहेत. प्रथिन आल्याबरोबर लहान भागांत वाटून गोठवावे, आणि वीज गेल्यावर फ्रीझरचे दार उघडू नये.

मात्रा वाढवून उणीव भरून काढता येत नाही, कारण अति व्हीईजीएफने गळक्या, वेड्यावाकड्या वाहिन्या तयार होतात. २००१ मध्ये दाखवले गेले की आधी व्हीईजीएफ आणि नंतर संथपणे पीडीजीएफ (वाहिन्यांभोवती आधार देणाऱ्या पेशी आणणारे प्रथिन) सोडले, तर वाहिन्या पक्व होतात. म्हणून ऊतीच्या छेदात केवळ सीडी-३१ ही अंतःस्तराच्या पेशींची खूण रंगवून वाहिन्या मोजू नयेत, त्यांच्याभोवती स्नायुपेशींचे अस्तर आले आहे का, हेही स्मूथ मसल अ‍ॅक्टिन हे त्या स्नायुपेशींतले प्रथिन रंगवून पाहावे.