हँडब्रेकचा तुटलेला ब्रॅकेट घरी बसवताना

आमचं चिपळूणचं अंगण चढाचं आहे. गणपतीच्या दिवसांत गाडी तिथे लावली, हँडब्रेक ओढला, पायातला ब्रेक सोडला आणि गाडी हातभर मागे सरकली. मागे आई फुलांची परडी घेऊन उभी होती. पाय अजून पेडलजवळच होता म्हणून निभावलं.

त्याआधी पंधरा दिवस हँडब्रेक सैल लागत होता आणि मी लिव्हरखालचा नट दोनदा आवळला होता. बहुतेक जण हेच करतात, आणि तिथेच चुकतं. हँडब्रेकची केबल म्हणजे बाहेर नळी आणि आत तार. नळी जागेवर घट्ट धरलेली असेल तरच आतली तार ओढली जाते. नळी धरणारा ब्रॅकेट तुटला की अख्खी नळीच सरकते, मागच्या चाकांच्या ड्रममध्ये चाक धरून ठेवणाऱ्या लायनरपर्यंत जोर पोचत नाही. म्हणून आधी एकाने लिव्हर ओढायचा आणि दुसऱ्याने बाजूने बॅटरी मारून बघायचं. नळी हलली की दुखणं सापडलं.

गाडी सपाट फरशीवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. आपल्याकडे सर्रास जांभ्याचा चिरा खाली सारतात. कृपा करून नको. जांभा वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर जाऊच नका.

आता हँडब्रेक सोडा, लिव्हरखालचा नट सैल करा. माझा ब्रॅकेट डाव्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपाजवळ होता. त्याच्यामागे चिखल साचून पावसाळाभर ओला राहिला आणि ब्रॅकेट कुजला. ब्रॅकेटच्या जागचा तळाचा पत्रा तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, मग स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर पत्राच संपलाय. तिथे नवा ब्रॅकेट लावू नका, आधी पत्र्याला ठिगळ मारून घ्यावं लागेल.

माझा पत्रा शाबूत होता. जुन्या तुकड्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापला, ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी शिकंज्यात धरून काटकोनात वाकवली आणि नळीचं टोक बसेल अशी खाच कानशीने घासून केली. खाच जुन्या जागी आणि जुन्याच कोनात हवी, नाहीतर केबल सायलेन्सरला घासते. भोकं पाडण्याआधी आतलं कार्पेट उचला, वायरी बघा. खालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून गेलीय तेही बघा. मी ८ मिमीचे दोन बोल्ट घातले, आतून ब्रॅकेटपेक्षा मोठी पट्टी लावली, म्हणजे ताण एका भोकावर येत नाही. नट नायलॉनवाले घ्या, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, ते सहज सैल होत नाहीत.

वेल्डिंगच करायचं असेल तर मिगवाल्या (गॅसच्या आवरणात सलग तार सोडून वेल्डिंग करणाऱ्या) मिस्त्रीकडे जा. कांडीच्या साध्या आर्क वेल्डिंगने तळाच्या पातळ पत्र्याला भोक पडतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कार्पेट उचला, आणि जागा पेट्रोलच्या टाकीजवळ असेल तर वेल्डिंगचा विचार सोडा.

मग रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या रंगाचे) दोन हात, वाळल्यावर अंडरबॉडी कोटिंग, आणि बोल्टभोवती सीलंट.

समायोजन करताना क्रम उलटा करू नका: आधी ड्रममधले लायनर, मग केबल. किती खटक्यांवर ब्रेक लागायला हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं. माझ्या गाडीत सहाव्या खटक्याला चाकं जाम होतात. लिव्हर खाली असताना मात्र दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत. चढावर परीक्षा घेताना गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलच्या वर तयार, आणि पुढे-मागे एकही माणूस नको.

आठ दिवसांनी पुन्हा खाली वाकून पाना लावा. माझा एक नट अर्धा आटा फिरला.