थंडीला दोष देऊ नका: सकाळी ग्रास कटर सुरू न होण्यामागच्या चुका

नोव्हेंबर-डिसेंबरात काजूच्या बागायतीतली झाडी मारायची वेळ येते आणि नेमका तेव्हाच ग्रास कटर सुरू होत नाही. गोव्यातल्या सत्तरीत, सांग्यात, काणकोणात पहाटेचं दव पडलेलं असतं. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि मग निदान ठरलेलं: ‘थंडीनं इंजिन धरलंय.’ पण पणजीत जानेवारीतल्या पहाटेचं तापमान सरासरी २० अंशांच्या आसपास असतं, डोंगराकडे थोडं कमी. पेट्रोल इंजिनाला ही थंडी नव्हेच. चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी झडप) लावून तीन-चार ओढींत मशीन सुरू व्हायला हवं. होत नसेल तर दोष बहुतेक वेळा जुन्या पेट्रोलचा, ओलाव्याचा किंवा आपल्या हाताचा असतो.

चवथीचं पेट्रोल डिसेंबरात

सगळ्यात जास्त मशिनं इथेच अडतात. चवथीपूर्वी, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी, आवार साफ करायला भरलेली टाकी तशीच राहते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून तो आत शिरत राहतो. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉलला सोबत घेऊन तळाला बसतं, आणि टाकीतला फिल्टरही तळाशीच लोळत असतो. टू-स्ट्रोक मशिनात, म्हणजे पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं त्या मशिनात, तर धोका आणखी मोठा. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, तळच्या थरात ते जवळजवळ नसतं. म्हणजे इंजिन कसंबसं चाललं तरी पिस्टन कोरडा घासतो. शिवाय पेट्रोलातला लवकर वाफ होणारा भाग आधी उडून जातो. गार इंजिन पेटतं ते त्याच भागावर, म्हणून हेच मशीन दुपारी सुरू होतं आणि सकाळी नाही.

तपासायचं असेल तर टाकीतलं पेट्रोल तळापर्यंत काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले, गढूळ वाटलं किंवा वार्निशसारखा वास आला तर ते वापरू नका. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

नवं मिश्रण मापानंच करा. मशीनच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली टू-टी ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतलं की ऑइल जास्त पडतं आणि ठिणगी देणारा स्पार्क प्लग काळा पडतो. होंडा जीएक्स ३५ सारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात टाकीत निव्वळ पेट्रोल आणि क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या ऑइलच्या पेटीत) सुमारे १०० मिली ऑइल जातं. त्याच्या टाकीत मिश्रण घालू नका.

चोक लावून ओढत राहणं

आधी प्रायमरचा (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओढून घेणारा) फुगा परतीच्या नळीत पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, साधारण पाच-सात वेळा. मग चोक लावा, मशीन जमिनीवर दाबून धरा, ब्लेड कशाला टेकत नाही ना ते बघा आणि दोरी अडेपर्यंत हळू ओढून तिथून जोरात ओढा. इंजिन एकदा ‘फट्’ करून विझलं की चोक लगेच उघडायचा. हा आवाज कानावर आला नाही म्हणून दहा-बारा ओढी तशाच मारल्या की सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं आणि प्लग भिजतो. नंतर कितीही ओढा, उपयोग नाही.

भिजलाच तर स्विच बंद करून प्लग काढा. चोक उघडा ठेवून पाच-सहा ओढी मारा, म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर उडेल. प्लगची कॅप त्या छिद्रापासून लांब ठेवा आणि जवळ विडी-काडी नको. प्लग पुसून सुकवा, दहा मिनिटांनी चोक न लावता सुरू करा.

प्लग बदलला म्हणजे ठिणगी आली असं समजणं

भरपूर ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. ओला असेल तर ठिणगी बघा. प्लग कॅपला लावा, पाना न वापरता इन्सुलेशनच्या पकडीनं धरून त्याचं लोखंड सिलिंडरच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या छिद्रापासून दूर, आणि दोरी ओढा. निळी, टणक ठिणगी हवी. फटीचं माप पुस्तिकेत असतं, बहुधा ०.६ ते ०.७ मिमी.

ठिणगीच नसेल तर कॉइल (प्लगला वीज देणारा भाग) विकत आणण्याआधी स्टॉप स्विचची वायर कॉइलकडून सुटी करून पुन्हा बघा. आता ठिणगी आली तर दोष स्विचचा किंवा वायरचा. बार्देस, साल्सेतच्या किनाऱ्यालगत खारी हवा आणि दव मिळून स्विचचे संपर्क गंजतात, आतल्या आत शॉर्ट होतं. या एका तपासणीनं कॉइलचा खर्च वाचतो. वायर परत जोडायला मात्र विसरू नका, नाहीतर स्विचनं मशीन बंदच होणार नाही.

बाकीचं

स्पंजच्या एअर फिल्टरला बुरशी आली असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण सुकवा. ओला बसवला तर चोक लावल्यासारखाच परिणाम होतो. कागदी फिल्टर धुवू नका, बदला.

मशीन महिनोन्महिने शेडमध्ये पडून असेल तर सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारून बघा; कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते. सायलेन्सरला जाळी असेल तर तीही काढून ब्रशनं कार्बन साफ करा.

सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडतं? टाकीचं झाकण जरा सैल करून बघा. मग चाललं तर झाकणाचं छिद्र बुजलं आहे.

कार्बोरेटरच्या स्क्रूंना हात सगळ्यात शेवटी. वर्षभर बसून त्याचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक होतो, तेव्हा स्क्रू फिरवून काही साधत नाही. डायफ्रामचं किट बदलावं लागतं. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) तार खुपसू नका, छिद्र मोठं होतं. कार्ब क्लीनरचा फवारा पुरे. आणि दोरी ओढताना प्रत्येक फेऱ्याला हाताला दाब अडकल्यासारखा लागत नसेल, दोरी मोकळी सुटत असेल, तर रिंग किंवा पिस्टन गेलेला असू शकतो. तेव्हा मशीन थेट मेकॅनिककडे न्या.