सही कशी तपासायची, हे टोकनला ठरवू देऊ नका
बाणेर-हिंजवडीतल्या लहान कंपन्या लॉगिनसाठी तयार लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला कोड) वापरतात, आणि ते शहाणपणाचेच आहे. मात्र २०१५ साली जेडब्ल्यूटी, म्हणजे लॉगिननंतर ओळख पटवण्यासाठी वापरले जाणारे डिजिटल सहीचे टोकन, तपासणाऱ्या अनेक लायब्रऱ्यांत असे आढळले की, टोकनच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या भागात) ‘अल्ग’पुढे, म्हणजे सहीच्या अल्गोरिदमच्या जागी, ‘नन’ (काहीच नाही) लिहून सही काढून टाकली, तरी ते टोकन खरे मानले जाई. म्हणून पडताळणीच्या फंक्शनला अपेक्षित अल्गोरिदम, उदाहरणार्थ ‘आरएस२५६’ (यात सही खासगी कीने होते आणि पब्लिक कीने तपासली जाते), आपणच नेमून द्यावा. अन्यथा हल्लेखोर हेडरमध्ये ‘एचएस२५६’ (यात सही आणि तपासणी एकाच गुप्त कीने होते) लिहून, सर्वांना उपलब्ध असलेली पब्लिक कीच गुप्त की म्हणून वापरून सही करू शकतो. (टोकन नुसते डिकोड करणे, म्हणजे त्यातला मजकूर उलगडून वाचणे, ही पडताळणी नव्हे, हे घाईत हमखास विसरले जाते.) लायब्ररी अपडेट केल्यावर टेस्ट सर्व्हरवर सही छाटलेले टोकन पाठवावे; ते नाकारले गेले नाही, तर ती आवृत्ती लाइव्ह करू नये.