इंग्लंडमध्ये बागेत शेड किंवा गार्डन रूम बांधताना परवानगी कधी लागते?

इंग्लंडमध्ये घरामागे शेड, समर हाऊस किंवा ऑफिससाठी खोली बांधायची तर सहसा प्लॅनिंग परमिशनसाठी अर्ज करावा लागत नाही. ‘परमिटेड डेव्हलपमेंट’खाली ती मिळालेलीच असते, पण मापं काटेकोर पाळली तरच. (वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.)

टेप हातात घेण्याआधी ही सवलत आपल्या घराला आहे का, ते बघा. फ्लॅट आणि मेझोनेटला (दुमजली फ्लॅटला) ती नाही. लिस्टेड बिल्डिंगच्या (वारसा म्हणून संरक्षित इमारतीच्या) आवारात परवानगी घ्यावीच लागते, आणि कॉन्झर्व्हेशन एरियात (जतन केलेल्या परिसरात) घराच्या बाजूला बांधायचं असेल तरीही. नव्या वसाहतींत कधीकधी मूळ परवानगीतल्या एखाद्या अटीनेच ही सवलत काढून घेतलेली असते, म्हणून कौन्सिलच्या वेबसाइटवर घराचा प्लॅनिंग इतिहास उघडून त्या अटी आधी वाचा.

आता उंची. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बांधकाम एकमजलीच हवं आणि वळचणीची उंची २.५ मीटरपर्यंत. दुपाखी छप्पर असेल तर एकूण उंची ४ मीटर चालते, इतर छपरांना ३ मीटर. मात्र खोलीचा कुठलाही भाग हद्दीपासून २ मीटरच्या आत येत असेल, तर पूर्ण बांधकामाची उंची २.५ मीटरच्या वर जाता कामा नये. लहान बागेत बहुतेकांना हाच नियम लागू होतो. २५० सेंटिमीटरमधून पाया १०, खोलीची फरशी १५ आणि इन्सुलेशनसह छप्पर २० वजा केलं, की आत उरतात २०५. त्यामुळे छताची जाडी ऑर्डर देण्याआधी ठरवा. उंची मोजायची ती बांधकामालगतच्या नैसर्गिक जमिनीच्या सर्वांत उंच जागेपासून, घातलेल्या भरावावरून नाही. उताराच्या बागेत हे फायद्याचं ठरतं. सोबत डेक करणार असाल, तर तो ३० सेंटिमीटरपेक्षा उंच नको.

खोली घराच्या मुख्य दर्शनी भिंतीच्या पुढे येता कामा नये. शिवाय मूळ घर सोडून उरलेल्या जागेच्या निम्म्याहून जास्त भाग बांधकामाखाली जाऊ नये. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी होतं तसं, किंवा नंतरचं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. समजा प्लॉट ३०० चौरस मीटर आणि मूळ घराखाली ६०, तर उरलेल्या २४० पैकी १२० पर्यंत बांधता येतं. आधीच्या मालकाने केलेलं एक्स्टेन्शन आणि जुनी शेडही त्यातच धरायची; लोक नेमकी तीच विसरतात.

वापरही महत्त्वाचा. जिम, ऑफिस, छंदाची खोली चालते. स्वयंपाकघर-बाथरूमसह वेगळं राहतं घर चालत नाही.

बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेचे आणि दर्जाचे नियम, ही वेगळी बाब आहे. झोपण्याची सोय नसेल तर १५ चौरस मीटरपर्यंत सहसा सूट मिळते. १५ ते ३० मध्ये खोली हद्दीपासून किमान १ मीटर दूर किंवा मुख्यतः न जळणाऱ्या साहित्याची हवी. विजेच्या कामाला मात्र ही सूट नाही. ते नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून प्रमाणपत्र घ्या.

मापं अगदी काठावर असतील तर बांधण्याआधी कौन्सिलकडून ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ (बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला) घ्या. ते सक्तीचं नाही, पण घर विकताना खरेदीदाराचा वकील हाच कागद मागतो. अर्जाला साइट प्लॅन आणि हद्दीपासूनची अंतरं दाखवणारी ड्रॉइंग्ज जोडा.