पायाच्या नखाला बुरशी? या चुका टाळा

रोवणीच्या हंगामात भंडारा-गोंदियाकडे दिवस दिवस पाय बांधीच्या चिखलात असतात. अंगठ्याचं नख पिवळं पडतं, जाड होतं, खालून भुगा निघतो. दुखत नाही म्हणून धान घरी येईपर्यंत कोणी लक्ष देत नाही. मग उपचार सुरू होतो आणि घोटाळाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे महिनाभरात गोळ्या सोडणं. "पैसे गेले जी, नख तसंच हाये." तक्रार खरी आहे, पण खराब झालेलं नख कोणत्याच गोळीने सुधारत नाही. औषध बुरशी मारतं. चांगलं नख मुळापासून नवं वाढून यावं लागतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला 12 ते 18 महिने लागतात. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळीचा नेहमीचा कोर्स मात्र 12 आठवड्यांचा, रोज 250 मिलिग्रॅम. म्हणजे गोळ्या संपतील तेव्हा नख अजून खराबच दिसणार! टोकाकडे बघू नका, मुळाशी बघा. कातडीलगत स्वच्छ पट्टी दिसू लागली की औषध लागू पडलं. दर महिन्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तीन-चार महिन्यांनीही पट्टी दिसली नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

कारण ती बुरशी नसेलही. बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये कारण वेगळंच निघतं: सोरायसिस हा कातडीचा आजार, दगडाची ठेच, घट्ट बूट. नखाचा तुकडा आणि खालचा भुगा घेऊन केओएच तपासणी होते, म्हणजे त्यात बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नागपूरच्या मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात जाणं होणारच असेल, तर गोळ्या सुरू करण्याआधी ती करून घ्या. आधीच औषध सुरू केलं असेल तर बुरशी असूनही तपासणीत सापडेलच असं नाही.

दुकानातून मागून आणलेली ट्यूब लावू नका. अशा पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज थांबते, बुरशी आतल्या आत पसरते. तसंही मलम जाड नखातून आत जात नाही. नख थोडंच बिघडलं असेल आणि मूळ चांगलं असेल, तर अमोरोल्फिनचं नेलपॉलिशसारखं औषध चालतं, पण तेही कित्येक महिने लावावं लागतं. नखावर चुना आणि लिंबू लावण्याच्या घरगुती उपायाने मात्र कातडी सोलते.

गोळ्यांआधी रक्त तपासून यकृत ठीक आहे ना ते बघतात. मोहाची घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. इट्राकोनाझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाची कॅप्सूल दिली असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची. रोज सकाळी गॅसची गोळी घेणाऱ्यांनी तेही सांगावं, कारण पोटात आम्ल कमी असेल तर ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते.

बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या तशाच ठेवल्या तर नख पुन्हा बिघडतं. बुरशी बहुतेक तिथूनच येते. वावरातून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, गमबूट उलटे करून उन्हात ठेवा. नेलकटर घरात एकच असेल तर आजारी नखासाठी वेगळं घ्या.

शुगर असेल तर जाड नख ब्लेडने तासू नका. तिथली बारीक जखमही चिघळते आणि पायावर बेतू शकते. आणि एकाच नखावर काळी उभी रेघ नव्याने उमटली किंवा रुंद होत चालली असेल, तर बुरशीचं औषध लावत बसू नका. कधीकधी तो त्वचेचा कर्करोग असतो. आठवडाभरात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.