म्युनिकजवळच्या जंगलात मशरूम वेचायला निघण्याआधी

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत आमच्या घरी हवामानाचा अंदाज रोज पाहिला जातो. चांगला पाऊस होऊन चार-पाच दिवस झाले आणि रात्री अजून कडक थंडी पडायला लागली नसली, की पुढचा शनिवार पक्का. आम्ही बहुतेक वेळा एबर्सबेर्गच्या जंगलात जातो. म्युनिकहून लोकल तिथपर्यंत जाते आणि स्प्रूसची दाट झाडी आहे. परवाना लागत नाही. बव्हेरियाच्या १९४६च्या संविधानातल्या कलम १४१नेच रानमेवा बेताने वेचायचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मात्र श्टाइनपिल्झ आणि फिफरलिंग ही संरक्षित मशरूम आहेत, ती घरी खाण्यापुरतीच घेता येतात. म्हणून पाच माणसांत एकच टोपली न्यायची, ती भरली की वेचणं थांबवायचं.

टोपली काढण्याआधी एक काम आहे, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत तेच मोठं. गावाहून आलेले आई-बाबा सोबत येणार असतील, तर आदल्या संध्याकाळी त्यांच्याशी शांतपणे बोलून घ्या. माझी आई कोकणातली. पावसाच्या सुरुवातीला वारुळापाशी उगवणारी अळंबी तिने लहानपणापासून खुडली आहेत आणि तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. तिची ही पारख खरी आहे, पण ती तिथल्या मातीची. वारुळावरचं अळंब वाळवीने जोपासल्याशिवाय उगवत नाही, आणि तशी वाळवी जर्मनीच्या जंगलात नाही. म्हणजे इथे ‘अगदी आपल्यासारखं’ दिसलेलं पांढरं छत्र हे नक्कीच दुसरं काहीतरी असतं. ते क्नोलेनब्लेटरपिल्झ हे जीवघेणं विषारी मशरूमही असू शकतं. २०१५च्या शरदात जर्मनीत नव्याने आलेल्या अनेक निर्वासितांना याच मशरूमची विषबाधा झाली. आपल्या देशातलं ओळखीचं मशरूम समजून त्यांनी ते शिजवलं होतं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मग मी शोधीन, तोडायचं की नाही ते तुम्ही बघा.” तेव्हापासून आमच्याकडे तोच शिरस्ता आहे.

हे विषारी मशरूम घरातल्या प्रत्येकाला चित्रात दाखवून ठेवा. टोपी हिरवट, कधी जवळजवळ पांढरी. टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखे पांढरे पापुद्रे, दांड्यावर झालर आणि बुडाशी मातीत लपलेली पिशवी. ही पिशवी दिसावी म्हणून अनोळखी मशरूम वरून कापायचं नाही, हलकेच पिळून मुळासकट काढायचं. याचं विष शिजवून जात नाही. त्रास सुरू व्हायला बहुधा आठ-बारा तास लागतात, मग उलट्या-जुलाब थांबून माणसाला बरं वाटतं, आणि नेमकं त्याच वेळी यकृत निकामी होत असतं.

म्हणून आमचा नियम सरळ आहे: पापुद्रे असलेलं काहीही टोपलीत येणार नाही. फक्त टोपीखाली स्पंज असलेली घ्यायची, म्हणजे श्टाइनपिल्झ आणि तपकिरी टोपीची मारोनं. त्यांतही स्पंज लाल असेल तर सोडून द्यायचं. फोनमधल्या ॲपने सांगितलेलं नाव आम्ही धरत नाही. त्याऐवजी जवळच्या ‘पिल्झबेराटर’चा, म्हणजे मशरूम तपासून देणाऱ्या जाणकाराचा पत्ता आणि वेळ निघण्याआधीच लिहून घ्यायची. अशा तज्ज्ञांची यादी जर्मन मायकोलॉजी सोसायटीच्या संकेतस्थळावर मिळते.

आता सामान. टोपली वेताची हवी. प्लास्टिकच्या पिशवीत मशरूमला घाम सुटतो, ती सडू लागतात आणि चांगलं मशरूमही पोट बिघडवतं. छोटा चाकू, माती झटकायला ब्रश आणि शंकास्पद मशरूम वेगळी ठेवायला कागदी पिशव्या घ्या. फोन पूर्ण चार्ज करून जंगलाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. मान खाली घालून चालताना वाट कधी सुटते ते कळत नाही, म्हणून मुलांच्या गळ्यात शिट्टी आणि अंगात भडक रंगाची जाकिटं. पँट मोज्यात खोचलेली हवी, कारण इथल्या गोचिडी मेंदूज्वर पसरवतात. त्यावरची लस डॉक्टरांकडे काही महिने आधीपासून सुरू करावी लागते. गोचीड काढायचा चिमटा टोपलीच्या कप्प्यातच असू द्या. पोळीचे रोल, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा आणि खाण्याआधी हात धुवायला पाण्याची वेगळी बाटली. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहापर्यंत सूर्य मावळतो, चारला परत फिरायचं.

आणखी एक. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत १९८६ला झालेल्या स्फोटातलं किरणोत्सारी सीझियम दक्षिण बव्हेरियाच्या मातीत अजून आहे आणि मारोनं ते विशेष शोषून घेतात. अधूनमधून खाल्ल्याने बिघडत नाही, पण आम्ही आठवड्यातून एकदाच करतो आणि मुलांना थोडंच वाढतो.

घरी आल्यावर सगळ्यांच्या अंगावर गोचिडी तपासायच्या, गुडघ्यामागे आणि केसांत नीट पाहायचं. तपासून आणलेली मशरूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करायची, कांद्यावर किमान वीस मिनिटं, कच्ची अजिबात नाही. म्युनिकच्या विषबाधा मदतकेंद्राचा नंबर, ०८९ १९२४०, फ्रिजच्या दारावर लिहिलेला हवा. साफ करताना निघालेले तुकडे टाकून देऊ नका. वेळ पडलीच तर डॉक्टरांना त्यावरूनच मशरूम ओळखता येतं. आमच्याकडे ते झाकणाच्या डब्यात जातात, डब्यावर तारीख, आणि डबा दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.