लाईट सुरू होण्याआधी कपाट आणि न्हाणीघर आवरा

आत्याला मिरजेला लाईट घ्यायला न्यायचं ठरलं (कॅन्सरवरच्या रेडिएशनला आपल्याकडं सगळे लाईटच म्हणतात), तेव्हा फाइल, पाण्याची बाटली आणि दोन सफरचंदं पिशवीत टाकून आम्ही मोकळे झालो. लाईटनं कातडी लाल होते, सोलते, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ज्यांच्या घरी आता सुरू होणार आहे त्यांनी आठवडाभर आधी एवढं बघून घ्या.

आधी कपाट. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कपडे वर काढा, शक्यतो पुढून बटणं असलेले, कारण हात वर करून गाऊन घालणं जमत नाही. छातीला लाईट असेल तर घट्ट ब्लाऊज, इलॅस्टिक, लेस सगळं बाजूला. गळ्याच्या खालच्या भागालाही असेल तर मंगळसूत्र घासतं. ते काढायचं बोलणं घरात आधीच उरकून ठेवा, रोज निघताना दारात नको. आत्याचे काळे मणी आम्ही दोऱ्यात ओवून मनगटाला सैल बांधले, ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या. बगलेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हातातल्या घट्ट बांगड्याही उतरवायच्या.

मग न्हाणीघर. वज्री, उटणं, खरखरीत टॉवेल उचलून ठेवा. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, आणि मऊ कापडानं नुसतं टिपायचं. अंगावर शाईच्या खुणा केलेल्या असतात, त्या घासू नका. फिकट झाल्या तर घरच्या पेनानं गिरवू नका, तिथल्या टेक्निशियनला सांगा. त्या भागातले केस काढायचेच असतील तर ब्लेड नको, विजेचं मशीन बरं.

आता हळद. सांगलीत राहून हे लिहिणं म्हणजे धाडसच, पण लिहिते. कातडी लाल दिसली की शेजारची कुणीतरी मार्केट यार्डातली अस्सल हळद आणि साय वाटीत घेऊन येतेच. आमच्याकडं तिसऱ्या आठवड्यात आली. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच कातडी लाल व्हायला लागते. पिवळ्या रंगाखाली लाली किती वाढली, कुठं फाटलं, हे डॉक्टरांना दिसत नाही, आणि फाटलेल्या जागी साय लावणं म्हणजे जंतूंना आवतण. कोरफड, खोबरेल, बर्फ, गरम शेक, यातलं काहीही विचारल्याशिवाय नको. वाटी आणणाऱ्या काकूंना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. आम्ही चहा करून द्यायचो.

डॉक्टरांनी सांगितलेली क्रीम कधी लावायची ते विचारून घ्या. लाईटच्या तोंडावर जाड थर नको. लावणारं माणूस शक्यतो एकच असू दे. नखं कापलेली, हात धुतलेले, आणि आधी विचारायचं, "आज लावू का?" एका संध्याकाळी आत्या "आज राहू दे" म्हणाली. मी क्रीमचं झाकण लावलं आणि तिच्या पायांना तेल लावत बसले. तिथं लाईट नव्हती ना.

किमो असेल तर यादी थोडी वेगळी. कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन चुरचुरतात. युरिया असलेल्या क्रीमबद्दल विचारा, मऊ चप्पल घ्या, गरम पाण्यात भांडी घासायला लावू नका. सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग झाली तर संपायची वाट न बघता सिस्टरला हाक मारा. घरी थर्मामीटर हवाच: किमोच्या काळात 38 सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप दिसला की रात्र असली तरी फोन.

प्रवासाला छत्री आणि सैल सुती ओढणी. एप्रिलमध्ये एसटीत खिडकीची जागा उन्हाच्या बाजूची नको. गाडीनं जात असाल तर सीटबेल्टखाली मऊ घडी ठेवा.

आणि शेवटची तारीख झाली म्हणून पिशवी माळ्यावर टाकू नका. लाईट संपल्यावर आठवडा-दोन आठवडे कातडी आणखी बिघडू शकते. आत्याची बगल तर नंतरच्या आठव्या दिवशी सोलली.